गोधडी शिवणं ही 'थेरपी' आहे का? आणि त्यासाठी लागणारा वेळ घरातल्या बाईला कोण देतं?

जमिनीवर पसरलेल्या जुन्या साड्या, बाजूला रंगीत चिंध्यांचा ढीग आणि हळूहळू पुढे सरकणारी सुई. गोधडीचे असे व्हिडिओ सध्या इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर सहज दिसतात. कुणी आजीच्या साडीची गोधडी करून घेतं, कुणी बाळासाठी दुपटं शिवतं. अशा व्हिडिओंसोबत 'थेरपी' हा शब्दही बऱ्याचदा येतो.

हा शब्द वजनदार आहे. घरात कुणाचं मोठं आजारपण सुरू असेल तर तो आणखी वजनदार होतो. कारण अशा घरातल्या बाईला सल्ला मिळतो, "एखादा छंद लावून घे, बरं वाटेल."

खरंच बरं वाटतं का? त्याबद्दल संशोधन काय सांगतं? आणि छंदासाठीचा वेळ दिवसात कुठून काढायचा? तिन्ही प्रश्न एकेक करून पाहू.

आधी, गोधडीत असं काय आहे?

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, मूळ काम सारखंच. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या, धोतरं धुवून एकावर एक अंथरायची. धड कापड वर आणि खाली, विरलेलं मध्ये. कडा दुमडून टाचून घ्यायच्या आणि मग धावदोऱ्याच्या ओळींनी सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. पुढे कुठे फाटलंच तर वरून ठिगळ लावायचं.

यात मशीन लागत नाही, महागडं सामान लागत नाही. टाका एकच आणि तो परत परत घालायचा. त्यामुळे हाताला एक लय सापडते आणि डोक्याला फार ताण पडत नाही. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे काम कुठेही थांबवता येतं.

आजारपण आलेल्या घरातला दिवस तुकड्या-तुकड्यांचा असतो. सकाळच्या गोळ्या, दवाखान्यात न्यायचा डबा, रिपोर्टसाठी फोन, मुलांची शाळा, मध्येच पेशंटची हाक. सलग तासभर मिळणं अवघड. चित्र काढायला किंवा गाण्याचा रियाज करायला बसलेल्या माणसाला मध्येच उठावं लागलं तर तंद्री मोडते. गोधडीचं तसं नाही. सुई कापडात टोचून ठेवायची आणि उठायचं. परत आल्यावर टाका जिथे सोडला तिथूनच पुढे.

डायलिसिसचं एक सत्र साधारण चार तास चालतं आणि ते आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं. पेशंटसोबत आलेलं माणूस तेवढा वेळ बाहेर बसून असतं. अख्खी गोधडी दवाखान्यात नेता येत नाही, पण ठिगळांचे चौकोन एकमेकांना जोडण्याचं काम पिशवीत मावतं.

शिवाय आजारपणात बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात. रिपोर्ट काय येईल, औषध लागू पडेल की नाही, काही सांगता येत नाही. गोधडीत मात्र आज किती ओळी झाल्या हे डोळ्यांना दिसतं. लाल ठिगळाशेजारी पिवळं लावायचं की हिरवं, हे ठरवायचा अधिकारही शिवणाऱ्याचाच.

संशोधन काय सांगतं?

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी गोधड्या शिवणाऱ्या एका गटातल्या २९ जणींच्या मुलाखती घेतल्या. हा अभ्यास २०१२ मध्ये सार्वजनिक आरोग्यावरच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रंगांमुळे मन उल्हसित होतं, काम आव्हान देणारं असतं, त्यात गुंगून जाता येतं, केलेल्या कामाचं कौतुक झालं की आत्मविश्वास वाढतो आणि गटामुळे मैत्रिणी मिळतात, असं या बायकांनी सांगितलं.

पण या अभ्यासाची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. गट छोटा होता, त्यातल्या बायका आवडीने शिवणाऱ्या होत्या आणि माहिती त्यांच्याच बोलण्यातून आली होती. त्यावरून 'गोधडी शिवल्याने आजार बरा होतो' असं म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावर मोठा आढावा घेतला. त्यात ३,००० हून अधिक अभ्यास विचारात घेतले होते. संगीत, नृत्य, चित्रकला, हस्तकला अशा गोष्टींचा आजार टाळण्यात आणि आजारपण निभावण्यात उपयोग होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. इथे 'निभावण्यात' हा शब्द महत्त्वाचा. औषध बंद करून सुई हातात घ्या, असं कुणीही म्हटलेलं नाही.

म्हणजे थेरपी या शब्दाचा अर्थ 'उपचार' असा घेतला तर गोधडी ही थेरपी नाही. 'दिलासा' असा घेतला तर तसं म्हणायला आधार आहे.

हे फक्त बायकांचंच काम आहे का?

नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात थॉमस वुड या चित्रकाराचं एक चित्र आहे. एकोणिसाव्या शतकातल्या क्रिमियन युद्धात डोक्याला जखम झालेला थॉमस वॉकर नावाचा सैनिक त्यात दिसतो. तो रुग्णालयात खाटेवर बसून रंगीत तुकड्यांची गोधडी शिवतो आहे. त्या काळात ब्रिटिश सैनिक गणवेशाच्या लोकरी कापडापासून अशा गोधड्या शिवत असत.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. १९८० च्या दशकात तिथे एड्सने हजारो तरुण दगावत होते. आजाराभोवती इतकी भीती आणि लाज होती की अनेक मृतांचे धड अंत्यविधीही होत नव्हते. अशा वेळी सॅन फ्रान्सिस्कोमधले कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून एक मोठी सामूहिक गोधडी सुरू झाली. गेलेल्या प्रत्येकासाठी तीन फूट बाय सहा फूट मापाचं एक कापड, म्हणजे साधारण एका कबरीएवढं. त्यावर मित्र, जोडीदार, आई-वडील यांनी नाव शिवायचं, त्याच्या शर्टाचा तुकडा जोडायचा.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी ही गोधडी वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० कापडं होती. आज ती संख्या ५० हजारांच्या आसपास आहे आणि वजन ५४ टन. लाखाहून जास्त लोकांची नावं तिच्यात आहेत. सरकार आणि समाज ज्या आजाराबद्दल बोलायला तयार नव्हते, तो आजार लोकांनी कापडावर शिवून राजधानीत आणून ठेवला.

मग गोधडी ही कला की घरकाम?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची एक छोटी वस्ती आहे. तिथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या थंडीपासून बचावासाठी. १९४२ मध्ये नवरा गेल्यावर मिसूरी पेटवे यांनी त्याच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर पांघरता यावी, हा त्यामागचा हेतू. ती गोधडी आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. गीज बेंडच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भरलं, तेव्हा कुठे जगाने त्यांना कला म्हटलं.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. नवरात्राआधी नदीवर धुवून वाळत घातलेल्या गोधड्या महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पाहिल्या आहेत. पण त्या शिवणारीला कुणी कलाकार म्हटलं नाही. ते घरातलंच एक काम होतं. त्यामुळे त्या कामाला लागलेला वेळही कुणी मोजला नाही.

सरकारी मोजणीत गोधडी कुठे बसते?

लोक दिवसाचे २४ तास कसे घालवतात, याची पाहणी केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये केली. २०२४ च्या पाहणीतले आकडे असे:

- घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं देतात, म्हणजे पाच तासांहून जास्त. २०१९ मध्ये हा आकडा ३१५ होता. पाच वर्षांत फरक पडला दहा मिनिटांचा.
- याच वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आहे. मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं अशा सगळ्यांची देखभाल यात येते.
- देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४ मिनिटं.

आता या मोजणीत गोधडी कुठे जाते ते पाहा. पाहणीत कामांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरलं जातं. त्यानुसार गोधडी विकण्यासाठी शिवली तर ती 'रोजगार'. घरात वापरायला नवी शिवली तर 'स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन'. जुनीच दुरुस्त केली तर 'घरकाम'. आवड म्हणून शिवली तर 'छंद'. सुई तीच, टाका तोच, पण रकाने चार.

घरात बसलेल्या बाईसाठी हे चारही रकाने बऱ्याचदा एकच असतात. सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून ती जुनी गोधडी नीट करते, तेव्हा ते घरकामही असतं, देखभालही असते आणि तिचा स्वतःचा वेळही असतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातलं फक्त काम दिसतं. एका अर्थाने ही तिची सोयही आहे. नुसती बसलेली बाई घरात खुपते, हातात सुई असली की कुणी उठवत नाही.

आणखी एक बारकावा. या पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडले जातात आणि त्यात किमान दहा मिनिटं चाललेली कामं नोंदली जातात. दोन हाकांच्या मध्ये घातलेले पाच मिनिटांचे टाके त्यात येतच नाहीत. मोठ्या पाहणीत कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्यामुळे हा काही दोष म्हणता येणार नाही. पण देखभाल करणाऱ्या माणसाचा स्वतःचा वेळ बहुतेकदा त्या रेघेच्या खालचाच असतो.

'छंद लावून घे' या सल्ल्यात अडचण काय?

सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. ज्या बाईचे पाच तास घरकामात आणि सव्वादोन तास देखभालीत जातात, तिला छंद सुचवला की तिच्या यादीत आणखी एक काम वाढू शकतं. वरून जमलं नाही तर 'तूच स्वतःकडे लक्ष देत नाहीस' हा ठपकाही तिच्यावरच. देखभालीचा भार वाटून घेण्याऐवजी दिलेला छंद हा स्वस्तातला उपाय ठरतो.

काही ठिकाणी याचा विचार व्यवस्थेच्या पातळीवर झाला आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ मध्ये पगारी 'लिंक वर्कर' नेमायची योजना आखली. औषधापलीकडची गरज असलेल्या रुग्णांना कलागट, बागकामाचे गट, मदत केंद्रं यांच्याशी जोडून देणं हे त्यांचं काम. भारतात केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करण्याचं धोरण आणलं. तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जातात. त्याचा आधार रुग्णाइतकाच त्याचं सगळं करणाऱ्या माणसालाही होतो.

आजारपणात शिवताना काय सांभाळावं?

पेशंट स्वतः शिवणार असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर सुई टोचल्याच्या छोट्या जखमेतूनही संसर्ग होऊ शकतो. प्लेटलेट कमी असतील तर रक्त लवकर थांबत नाही. मधुमेहात किंवा काही केमो औषधांमुळे बोटं बधिर होतात, अशा वेळी सुई टोचल्याचं कळतही नाही. शिंपी वापरतात ते अंगुस्तान बोटात घातलं की धोका कमी होतो. जुनं कापड धुवून, उन्हात वाळवूनच घ्यावं. अख्खी गोधडी मांडीवर पेलत नसेल तर लहान चौकोनांपासून सुरुवात करावी.

घरातल्या बाकीच्यांसाठीही एक काम आहे. दिवसातला अर्धा-एक तास पेशंटची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी पूर्णपणे घ्यायची. 'काही लागलं तर हाक मारतो' असं म्हणून नाही, तर गोळ्या कुठल्या, पाणी किती द्यायचं, हे स्वतः माहीत करून घेऊन. त्या वेळात ती गोधडी शिवेल, झोपेल किंवा खिडकीत नुसती बसेल. काय करायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं.