गाणे संपकरी बायांचे, सातबारा कंपनीचा



‘हम होंगे कामयाब’ ठाऊक नाही असे पोर गावात सापडायचे नाही. गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणले, अमेरिकेतल्या ‘वुई शॅल ओव्हरकम’वरून. या मूळ गाण्याचा सातबारा १९६० पासून २०१८ पर्यंत एका कंपनीच्या नावावर होता!

पेरले कोणी ते आधी बघा. १९०१ साली चार्ल्स टिंडली नावाच्या कृष्णवर्णीय पाद्र्याने याच आशयाचे भजन छापले. चालीचे मूळ त्याहून जुने, चर्चमधल्या गाण्यांत हरवलेले. १९४५-४६ च्या हिवाळ्यात चार्ल्सटन शहरातल्या सिगारच्या कारखान्यात संप झाला. संपावर बहुतेक कृष्णवर्णीय बाया. थंडी-पावसात कारखान्याच्या दाराशी उभ्या राहून त्या हे गाणे म्हणत. ल्युसिल सिमन्स ही त्यांच्यातली बाई ते संथ, लांबवून म्हणायची. पुढे टेनेसीतल्या हायलँडर शाळेत संपकऱ्यांकडून ते झिल्फिया हॉर्टन शिकल्या, आणि त्यांच्याकडून पीट सीगर हा लोकगायक.

मग लडलो म्युझिक या कंपनीने १९६० आणि १९६३ मध्ये त्याचा कॉपीराइट नोंदवला. कर्ते म्हणून चार नावे: हॉर्टन, फ्रँक हॅमिल्टन, गाय कॅरावान आणि सीगर. थंडीत कुडकुडलेल्या एकाही बाईचे नाव त्यात नाही. कसणारे एक आणि उताऱ्यावर दुसरेच, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

सीगर लबाड माणूस होता, असे आम्ही म्हणणार नाही. १९५५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने आपली राजकीय मते सांगायला नकार दिला. १९६१ मध्ये त्याला त्यासाठी एक वर्षाची शिक्षा झाली, ती १९६२ मध्ये रद्द झाली. टीव्हीची दारे त्याला कित्येक वर्षे बंद होती. त्याचे म्हणणे असे, की आपण नोंदले नाही तर उद्या कोणी धंदेवाला नोंदवील. रॉयल्टीही हायलँडरमार्फत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामासाठी जायची. हे सगळे मान्य. पण राखणदाराने कुंपण घालावे, मालक होऊन वाट अडवू नये.

कंपनीने वाट अडवलीच. २०१६ मध्ये ‘द बटलर’ सिनेमाचे निर्माते आणि आणखी एक संस्था कोर्टात गेली. वहिवाटीच्या गाण्यात एकदोन शब्द फिरवले, एवढ्यावर कंपनीचा हक्क उभा होता. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायाधीश डेनीस कोट यांनी सांगितले की पहिल्या कडव्यातला हा बदल क्षुल्लक आहे, त्यावर कॉपीराइट मिळत नाही. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने तडजोड केली आणि गाणे मोकळे झाले.

मग कॉपीराइटचा कायदाच नको, असे कोणी म्हणेल. त्याने सॉलोमन लिंडाची गोष्ट ऐकावी. दक्षिण आफ्रिकेतल्या या झुलू गायकाने १९३९ मध्ये ‘म्बुबे’ हे गाणे रेकॉर्ड केले आणि दहा शिलिंगांत हक्क विकले. ती तबकडी सीगरच्या हाती लागली. त्याच्या ‘वीव्हर्स’ मंडळीने तिचे ‘विमोवे’ केले. कर्त्याच्या जागी छापले ‘पॉल कॅम्पबेल’. असा माणूसच नव्हता! या मंडळींनी हक्क घेण्यापुरते ते नाव जन्माला घातले होते. प्रकाशक कंपनीही लडलोच्याच धन्याची. सीगरने पुढे लिंडाला हजार डॉलर पाठवले, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. त्याच चालीवर १९६१ मध्ये आणखी एक गाणे निघाले आणि जगभर खपले. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत मेला. त्याच्या मुलींना वाटा मिळायला २००६ साल उजाडले.

ज्याचा घाम त्याच्यासाठी कायदा झोपला, आणि ज्याचा कागद त्याच्यासाठी रात्रभर जागला. आमचे भांडण आहे ते याच्याशी. बाजारात मालाला दाम मागणारे आम्ही. गाणाऱ्याला त्याचे दाम नको, असे कसे म्हणू? पण आधी गाणारा कोण ते ठरवा.

वुडी गथ्रीने १९४० मध्ये गाणे लिहिले, हा देश, ही जमीन सगळ्यांची, असे सांगणारे. त्याची चाल कार्टर कुटुंबाच्या जुन्या भक्तिगीतावरून घेतलेली. त्याचाही कॉपीराइट १९५६ मध्ये लडलोनेच नोंदवला. त्याविरुद्धही २०१६ मध्ये दावा झाला. कंपनीने फिर्यादींवर दावा लावणार नाही असे लिहून दिले, आणि २०२० मध्ये कोर्टाने, आता वादच उरला नाही, म्हणून प्रकरण काढून टाकले. गाण्याचा मालक कोण, हा प्रश्न कोर्टाने ऐकलाच नाही.