पोर्ट काढायची तारीख विचारून घ्या

रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार मुलांमध्ये साधारण २ ते ३ वर्षे चालतात. तेवढा काळ छातीवर, कातडीखाली औषधे देण्यासाठी बसवलेला केमोपोर्ट असतो आणि त्याची नळी मानेजवळच्या शिरेतून हृदयाच्या तोंडापर्यंत गेलेली असते. उपचार संपले, शाळा सुरू झाली, की पोर्टचा विसर पडतो. तो दुखत नाही. गाव लांब, मुंबईची खेप महाग, त्यात पुन्हा भूल द्यायची म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो. मग ‘पुढच्या सुट्टीत बघू’ होते. डॉक्टर स्वतःच काही महिने थांबा म्हणाले तर थांबा. आपल्या मनाने मात्र लांबवू नका.

बहुतेक मुलांचा पोर्ट विनातक्रार निघतो. अडचण येते ती मुख्यतः फार वर्षे राहिलेल्या नळीची. तिच्याभोवती तंतुमय थर चढतो, कधी त्यात कॅल्शियम साचते आणि ती शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटते. जोराने ओढली तर तुटते. सुटा तुकडा रक्ताबरोबर हृदयात किंवा फुप्फुसाच्या धमनीत जाऊ शकतो; तो बहुधा मांडीच्या शिरेतून तारेचा फास नेऊन काढतात. भिंतीत रुतलेला तुकडा मात्र कधीकधी तिथेच ठेवणे जास्त सुरक्षित असते. तेव्हा सर्जन मध्येच थांबले, तर त्यांना कच्चे समजू नका. थांबायलाही अनुभव लागतो.

ऑपरेशनआधी विचारा: प्लेटलेट पुरेशा आहेत का, नळी अडकली तर पुढे काय करणार? नंतर विचारा: नळी अखंड निघाली का, मोजून पाहिली का? उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तुकडा राहिला असेल तर तेही लिहिलेले हवे. पुढे कुठल्याही डॉक्टरांना ते लागेल.

पोर्टऐवजी छातीतून बाहेर लोंबणारी नळी, म्हणजे हिकमन लाइन, असेल तर ती घरी किंवा जवळच्या ड्रेसिंगवाल्याकडून ओढून काढू नका. उघड्या वाटेने शिरेत हवा शिरू शकते. म्हणूनच दवाखान्यात मुलाला आडवे ठेवून, जागा दाबून धरून हवाबंद पट्टी लावतात.

पोर्ट निघेपर्यंत सांगितलेल्या तारखेला फ्लश, म्हणजे नळी आतून धुऊन घेणे, चुकवू नका. फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन रात्र काढू नका. नळीत जंतू असू शकतात, लगेच दवाखाना गाठा. पोर्ट काढल्यावरही ताप, जखमेतून पू किंवा रक्त, मान-चेहऱ्यावर सूज, दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर तितकीच घाई करा.