पेटी विकण्याआधी

सुरतजवळच्या सचिन जीआयडीसीत कापडाच्या कामाला जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं आली, तशी काही घरांत भजनाची पेटीही आली. खोली लहान, भाडं थकलेलं. मग पेटी विकली जाते. पैसे महिन्यात संपतात, हळहळ दर एकादशीला होते.

विकणाऱ्याला दोष देववत नाही. पण ही हळहळ खरी आहे. जुन्या पेट्यांतले जर्मन, पॅरिसचे रीड आता नव्याने बनत नाहीत. आपल्या गुजरातेतल्या पालिताण्याचे रीड नामांकित आहेत, तरी वर्षानुवर्षं भात्याच्या हवेवर मुरलेला स्वर विकत मिळत नाही.

वाचकहो, पेटी काढायचीच वेळ आली, तर आधी भजनी मंडळाला विचारा. आणि मंडळांनो, वर्गणीतून उचल द्या, पेटी राहू द्या.