हाती पुस्तक, हात रिकामे

सहावी ते आठवीला कौशल्य शिक्षण सक्तीचे केल्याबद्दल ‘सीबीएसई’ स्वतःची पाठ थोपटून घेत आहे. ‘कौशल बोध’ नावाची पाठ्यपुस्तके, तीन वर्षांत नऊ प्रकल्प आणि कौशल मेळा असा सगळा घाट आहे. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातही व्यावसायिक शिक्षण आहेच, तेव्हा राज्य मंडळाच्या शाळांवरही ही पाळी येणार. हेतूला कोण नावे ठेवेल? पण हाताने करायची गोष्ट शिकवायची ठरली, की आपल्या शिक्षण खात्याला आधी पुस्तक छापावेसे वाटते. कार्यशाळा, हत्यारे आणि शिकवणारा माणूस यांचा विचार मग सवडीने होतो, म्हणजे होतच नाही.

हा उत्साह नवा नाही. वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागी होता. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव सुचवला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. त्या कार्यानुभवाची आपल्या हायस्कुलांनी काय गत केली, हे इथे शिकलेल्या कुणालाही विचारावे. क्रेप कागदाची फुले, मेणबत्त्या, खडू. त्यातली निम्मी फुले आईने रात्री जागून केलेली आणि उरलेली स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली. ती टेबलावर मांडायची, श्रेणी पदरात पाडून घ्यायची. सहामाही सरली की कार्यानुभवाची तासिका गणिताच्या सरांकडे जायची, कारण ‘पोर्शन’ राहिलेला असायचा. ज्या विषयाचे गुण दहावीच्या टक्क्यांत धरत नाहीत त्याला शाळेत कुणी विचारत नाही, हे न कळण्याइतके खाते भोळे नाही.

याचे फळ २०२३ च्या ‘असर’ अहवालात दिसले. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ती पाहणी होती. वस्तूचे टोक पट्टीच्या शून्यावर ठेवले तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. वस्तू शून्यावरून थोडी पुढे सरकवली, आणि बरोबर सांगणारे ३९ टक्क्यांच्या आसपास उरले. हा आकडा कोणत्याही सुताराला दाखवावा, तो हसेल. टेपचे टोक झिजलेले किंवा तुटलेले असणे हे त्याच्यासाठी रोजचेच. तो दहावर धरतो आणि दहा वजा करतो. त्यासाठी त्याला प्रमेय लागत नाही, फळी लागते. माप चुकले तर फळी वाया जाते आणि पुन्हा चूक होत नाही. वर्गात चुकले तर एक गुण जातो, फार तर. त्याच पाहणीत वजाबाकी येणाऱ्या मुलांपैकीही जेमतेम दहा टक्क्यांना कर्जाची परतफेड किती होईल ते काढता आले. सरळव्याज, चक्रवाढव्याज यांच्या सूत्रांचे रतीब घालूनही ही अवस्था आहे, आणि उद्या हीच मुले हप्त्यावर मोबाइल घेणार आहेत.

मग यावर पुन्हा पुस्तकाचाच उतारा?

पुस्तकाबाहेरचा रस्ता याच राज्यात आखून झाला आहे. हिंदुस्थान लीव्हरमधले संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा शालेय विषय उभा राहिला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तातले हिमोग्लोबिन मोजणे. केलेले काम गावाच्या उपयोगी पडते, त्याचे पैसेही येतात, म्हणजे हिशेबही खराच लिहावा लागतो. शिकवायला गावातलाच कारागीर. राज्य मंडळाने या विषयाला मान्यता दिली, आणि पुढे? चार दशके झाली तरी ती अजून मोजक्या शाळांचीच गोष्ट आहे. आपल्या अंगणात सिद्ध झालेले सोडून दिल्लीहून येणाऱ्या पुस्तकाची वाट पाहायची, ही आपली तऱ्हा.

कारण उघड आहे. वेल्डिंग करणाऱ्याला आपण ‘सर’ म्हणायला तयार नाही. तो बी.एड. नाही आणि बहुधा आपल्या जातीचाही नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे मुलांना पाठवायला सांगते आणि त्यासाठी दप्तराविना दहा दिवस देते. दहा दिवसांत रंधा धरायलाही येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शंभरावर मुले असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळांना कला, क्रीडा आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक देऊ केले. महाराष्ट्रात त्यातले कित्येक तुटपुंज्या मानधनासाठी आणि पुनर्नियुक्तीसाठी आंदोलने आणि कोर्टकज्जे करत बसले. मधल्या काळात शाळांत ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला. आता मुख्याध्यापकांना आनंदाचेही फोटो काढावे लागतात. ‘कौशल मेळ्या’चेही तेच होईल, आयांनी क्रेप कागद आणून ठेवावा.

ज्या पालकांना हाताने शिकण्याचे महत्त्व पटते त्यांचीही एक गंमत आहे. मुलाला फ्यूज बदलता यावा असे ते म्हणतात, पण दहावीत कोचिंगचा तास बुडालेला त्यांना चालत नाही. त्यांना दोष तरी किती द्यायचा? अकरावीचा प्रवेश टक्क्यांवर होतो, फ्यूजवर नाही. म्हणून कौशल्य शिक्षणाला दहावीच्या टक्क्यांत स्थान मिळायला हवे, परीक्षा प्रत्यक्ष कामाची हवी आणि ती बाहेरच्या परीक्षकाने घ्यायला हवी. निदेशकांना पूर्ण वेतन हवे. हे खर्चाचे काम आहे, छपाईपेक्षा बरेच जास्त खर्चाचे. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढेच विचारावे: राज्यातल्या किती माध्यमिक शाळांत कार्यशाळेची खोली आहे, आणि त्यातल्या किती खोल्यांत सध्या मोडके बाक ठेवले आहेत?