आत्याच्या पर्समधली डबी

आत्याची केमो चालू होती तेव्हाची गोष्ट. दर तीन आठवड्यांनी बदलापूरहून पहाटेची गाडी पकडायची, दिव्यांगांच्या डब्यात जागा मिळवायची (कॅन्सरच्या पेशंटना त्या डब्यात बसता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं), दादरला उतरून पुढे टॅक्सी. चौथ्या वेळी मात्र गेलो तसेच परत आलो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढलेले होते. "आज देता येणार नाही, आठ दिवसांनी बघू," डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "आजी, आणखी काही घेताय का?" आत्या ठामपणे "नाही" म्हणाली.

परतीच्या गाडीत, कल्याण गेल्यावर तिने हळूच पर्स उघडली. आत एक डबी. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल! तिच्या अंबरनाथच्या वन्संनी उल्हासनगरहून मुद्दाम आणून दिलेल्या. सोबत मोबाइलवर एक मेसेज, की हळदीमुळे कॅन्सरच्या पेशी केमोपुढे शरण येतात.

आता गंमत अशी की हा मेसेज धादांत खोटा नाही. खोटा असता तर बरं झालं असतं, दोन मिनिटांत उडवून लावता आला असता.

कॅन्सरच्या काही पेशी केमोला दाद देत नाहीत. त्याचं एक कारण 1976 साली टोरांटोमध्ये ज्युलियानो आणि लिंग या दोघांनी शोधलं. अशा पेशींच्या आवरणावर एक प्रथिन जास्त प्रमाणात असतं, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं. ते पंपासारखं काम करतं. बदलापुरात उल्हास नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं की लोक पंप लावून ते बाहेर फेकतात ना, तसं औषध आत आलं की हा पंप ते बाहेर फेकतो. मग साधा विचार: पंप बंद पाडा! 1981 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी व्हेरापामिल या रक्तदाबाच्या जुन्या गोळीने हे प्रयोगशाळेत करूनही दाखवलं. दाद न देणाऱ्या पेशी पुन्हा औषधाने मरायला लागल्या. हळदीतल्या कर्क्युमिननेही काचेच्या बशीत असंच काहीसं केलेलं आहे.

पण बशी म्हणजे आत्या नव्हे.

व्हेरापामिलचा जेवढा डोस लागत होता तेवढा माणसाच्या हृदयाला झेपेना. पुढे खास पंप रोखण्यासाठी बनवलेली औषधं आली. व्हॅल्स्पोडार त्यातलं एक. मोठ्या चाचण्यांमध्ये त्यानेही निराशाच केली. एक अडचण अशी की हाच पंप आपल्या निरोगी आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतो. आपल्याला नको असलेलं तो बाहेर टाकतो. तो अडवला की केमोचं औषध कॅन्सरच्या पेशीत राहतं तसं बाकीच्या शरीरातही रेंगाळतं, आणि मग डॉक्टरांना केमोचाच डोस कमी करावा लागतो. हिशेब जिथल्या तिथे.

डबीवरचं बारीक अक्षर घरी येऊन चष्मा लावून वाचलं. कर्क्युमिनसोबत मिऱ्याचा अर्क, पायपरीन. कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर रक्तात फारसं जातच नाही. पायपरीनबरोबर दिलं तर ते माणसात वीसपट वाढतं, हे 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं होतं. कसं वाढतं? तर औषधं मोडून बाहेर टाकणारी आतड्यातली आणि यकृतातली यंत्रणा पायपरीन मंदावतं. आणि आत्याला चालू असलेलं डोसेटॅक्सेल मोडलं जातं ते याच यंत्रणेकडून! शिवाय अशा मिरीवाल्या हळदीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. आत्याचे आकडे त्यामुळेच वाढले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, केमोनेही ते वाढतात. पण डॉक्टरांना विचार करायला ती डबी समोर तरी हवी होती.

आणि उलट बाजूही आहे. 2002 मध्ये एका अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवर कर्क्युमिनने काही केमो औषधांचा परिणाम कमीच केलेला दिसला. म्हणजे शरण यायच्या ऐवजी संरक्षण! हा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.

हळदीबद्दल बोलणं तसं अवघडच. तिच्यावर 1995 मध्ये दिलेलं अमेरिकन पेटंट माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने 1997 मध्ये रद्द करवलं, तेव्हा आम्हीही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण ती लढाई जखमेवर हळद लावण्याची होती, केमोची नव्हे.

पेशींना उपचारापुढे हळवं करता येतं, हे स्वप्न मात्र खोटं नाही. आपल्या परळ-खारघरच्या टाटा मेमोरियलनेच त्याचं उदाहरण दिलंय. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनचा परिणाम वाढावा म्हणून सिस्प्लॅटिन देतात, पण किडनी किंवा कान कमजोर असलेल्यांना ते चालत नाही. अशा 356 रुग्णांवर चाचणी झाली. काहींना नुसतं रेडिएशन, काहींना सोबत दर आठवड्याला थोडंसं डोसेटॅक्सेल. 2023 मध्ये निकाल छापून आला: दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 41.7 टक्क्यांवरून 50.8 टक्क्यांवर. औषध जुनंच, आत्याचंच. त्रासही वाढला, तोंड येण्याचं प्रमाण वाढलं, आणि तेही त्यांनी मोजून लिहिलं. माझा आग्रह एवढाच आहे, की असं मोजल्याशिवाय कुणी कुणाच्या पर्समध्ये डबी सरकवू नये.

आत्यावर मी चिडलो होतो. "अगं, सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "ते ओरडले असते. आणि वन्संना काय वाटलं असतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दारात पन्नास माणसं थांबलेली असताना पेशंटने हळदीचा विषय तरी कसा काढायचा?

आठ दिवसांनी मीच डबी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते ओरडले नाहीत. डबी उलटसुलट करून पाहिली, केसपेपरवर नाव लिहून घेतलं आणि बंद करायला सांगितलं. आकडे उतरले होते, सलाईन लागलं. निघताना आत्याने दारातूनच मागे वळून विचारलं, "आणि वरणातली?"

"वरणातली खा हो आजी!"

वन्संचं मत अजून असं आहे की डॉक्टर लोकांना आयुर्वेद सहनच होत नाही.