मागणी बाजाराची, जोखीम कोणाची?

आमच्या कामाच्या वस्तीतील एका ताईंकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन प्रमाणपत्रे जपून ठेवलेली आहेत. शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि संगणक. तिन्ही केंद्रांच्या लेखी त्या यशस्वी प्रशिक्षणार्थी आहेत. प्रत्यक्षात त्या आज चार घरी स्वयंपाकाला जातात. मग प्रश्न पडतो की, प्रशिक्षणावरचा सरकारी पैसा नेमका कशासाठी द्यायचा? शिकवल्याबद्दल, प्रमाणपत्राबद्दल की मिळालेल्या कामाबद्दल?

या प्रश्नावर अमेरिकेत सध्या मोठे प्रयोग सुरू आहेत. तिथली कम्युनिटी कॉलेजे म्हणजे कमी शुल्काची, प्रामुख्याने दोन वर्षांचे शिक्षण देणारी सार्वजनिक महाविद्यालये. गरीब, कृष्णवर्णीय, स्थलांतरित आणि नोकरी करत शिकणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने तिथेच जातात. म्हणून त्यांच्या अनुदानाचे सूत्र बदलले की त्याचा परिणाम थेट तळच्या माणसावर होतो.

टेक्सासने 2023 मध्ये ‘हाउस बिल 8’ हा कायदा केला. पूर्वी विद्यार्थी किती तास शिकले यावर अनुदान ठरत असे. आता ते मुख्यतः निकालावर ठरते. यासाठी ‘मूल्य असलेले प्रमाणपत्र’ ही संकल्पना आणली गेली. शिक्षणाचा खर्च भरून काढून दहा वर्षांत शालान्त शिक्षण घेतलेल्या माणसापेक्षा जास्त कमाई होणार असेल, तरच त्या प्रमाणपत्राला मूल्य आहे असे मानले जाते. ज्या क्षेत्रांत मनुष्यबळ कमी पडते, तिथल्या प्रमाणपत्रांना जास्त पैसा मिळतो.

व्हर्जिनियाने 2016 मध्ये वेगळी वाट धरली. मागणी असलेल्या कामांच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचे शुल्क तीन भागांत विभागले. पहिला तिसरा हिस्सा विद्यार्थी भरतो. दुसरा हिस्सा प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर आणि तिसरा प्रमाणपत्र मिळाल्यावर राज्य सरकार देते. मात्र प्रशिक्षण अर्धवट सोडले, तर दुसरा हिस्साही विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडतो. ज्याच्या घरी आजारपण येते, ज्याची पाळी बदलते, त्याला हा नियम सर्वाधिक महाग पडतो.

निकालावर पैसे देण्यात आणखी एक धोका आहे. संस्था लवकर निकाल देणाऱ्या अभ्यासक्रमांकडे आणि विद्यार्थ्यांकडे वळतात. वॉशिंग्टन राज्याच्या अशाच धोरणाचा अभ्यास झाला, तेव्हा अल्पमुदतीची प्रमाणपत्रे वाढलेली दिसली. दोन वर्षांच्या पदव्या मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. टेक्सासने हा धोका ओळखून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, अभ्यासात मागे असलेल्या आणि 25 वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी सूत्रात जादा भार दिला. म्हणजे ज्याला शिकवणे कठीण, त्याला शिकवणाऱ्या कॉलेजला जास्त पैसा. बाजाराची मागणी मोजताना समाजातील विषमताही मोजली पाहिजे, हे तिथे निदान कागदावर तरी मान्य झाले.

आपल्याकडेही 2015 पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षण केंद्रांना टप्प्याटप्प्याने पैसे देण्याची पद्धत आली. जिल्ह्याच्या गरजेनुसार अभ्यासक्रम ठरवावेत, असेही धोरण सांगते. तत्त्व चुकीचे नाही. पण ‘मागणी’ ही निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हे. आपल्या श्रमाच्या बाजारात जात आहे. सफाईच्या कामाला मागणी आहे आणि ती कोणाकडे वळवली जाते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. मागणीची यादी डोळे झाकून स्वीकारली, तर जुनी उतरंडच प्रमाणपत्रासह परत मिळेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, तसेच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची संधीही. बाजार देईल ते काम घ्या, असे त्यांनी सांगितले नाही. जिथे आपल्याला प्रवेश नाही तिथला दरवाजा उघडा, ही ती मागणी होती.

म्हणून कौशल्य योजनांबाबत आपण तीन गोष्टी मागायला हव्यात. एक, यशाचे माप प्रमाणपत्रांची संख्या नसून काही वर्षांनंतरची प्रत्यक्ष मजुरी असावी आणि ती जातवर्ग व लिंगानुसार जाहीर व्हावी. दोन, शिक्षण अर्धवट सुटले तर त्याचा बोजा विद्यार्थ्यावर टाकू नये. कारण शोधून त्याला परत आणणाऱ्या संस्थेला मदत मिळावी. तीन, जिल्ह्याची मागणी ठरवणाऱ्या बैठकीत उद्योजक आणि अधिकारी यांच्यासोबत कामगार संघटना व वस्तीचे प्रतिनिधीही बसावेत.

त्या ताईंनी परवा विचारले, “सर, चौथा कोर्स करू का?” कोर्स कोणता, हे विचारण्याआधी मी त्यांना विचारले, “तो केलेल्या आधीच्या मुली आज कुठे काम करतात आणि किती कमावतात?” त्यांनी केंद्रावर जाऊन चौकशी केली. तिथे कोणालाच सांगता आले नाही.