दगड वितळवण्याची पीएच.डी.



विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक तरी ज्वालामुखी असतोच. मातीचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस येतो, टाळ्या पडतात. यंदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, खऱ्या ज्वालामुखीत सोडा कोण टाकतं?" मी तिला जे सांगितलं ते नंतर तिच्या वडिलांनाही सांगितलं. ते म्हणाले, "ऐकायला छान आहे सर, पण दगड फोडून पोट भरतं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी मुलीचा प्रश्न. जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे वायू दाबाखाली विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात, सोडावॉटरची बाटली उघडावी तसे. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सची उत्तर बाजू भूकंपाने ढासळली, आतला दाब एकदम सुटला आणि प्रचंड स्फोट झाला. ५७ माणसं गेली.

आता उद्रेक चालू असताना ज्वालामुखीच्या आत उतरून मोजमाप कोण करणार? म्हणून संशोधक ज्वालामुखीच प्रयोगशाळेत आणतात. हेच प्रायोगिक ज्वालामुखीशास्त्र. जर्मनीत म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात सेंट हेलेन्सचा खडक तापवून, दाबाखाली ठेवून, तो दाब क्षणात सोडला आणि खडकाचा चुरा कसा होतो ते पाहिलं. अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात बेसॉल्ट भट्टीत वितळवून खराखुरा लाव्हा ओततात. बफेलो विद्यापीठाचे संशोधक जमिनीत स्फोटकं पुरून विवर कसं बनतं ते तपासतात. २०१० मध्ये आइसलँडच्या राखेने युरोपची विमानं दिवसेंदिवस जमिनीवर बसवली. ती राख जेट इंजिनात वितळून कशी चिकटते, हाही याच शास्त्राचा विषय. या कामाचा मोठा भाग पीएच.डी. करणारी तरुण मुलं-मुली करतात.

आता वडिलांचा प्रश्न. पुष्कळ पालकांना वाटतं, पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षं फी भरायची. तसं नाही. जर्मनीत अशी जागा बऱ्याचदा नोकरीसारखी जाहीर होते. करार होतो, पगार मिळतो. आपल्याकडे सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. वाटही सरळ आहे: बारावी विज्ञान, मग भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेट किंवा गेट. भूशास्त्र पुण्यात फर्ग्युसनला आणि मुंबईत सेंट झेवियर्सला शिकवतात. आयआयटी मुंबईत भूविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. गणित आणि भौतिकशास्त्र मात्र सोडू नये. परदेशी अर्ज करताना नुसते गुण पुरत नाहीत. प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचून, आपल्याला नेमकं काय करायचंय हे लिहावं लागतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पीएच.डी.नंतर कायमच्या जागा थोड्या, स्पर्धा मोठी. काही वर्षं कराराच्या कामावर काढावी लागतात. पण उच्च तापमानाची उपकरणं हाताळणं, विदा तपासणं ही कौशल्यं काच, सिरॅमिक, धातू अशा उद्योगांतही चालतात.

माझं म्हणणं एवढंच, की निर्णय मुलांचा आणि घरच्यांचा असू दे, पण वाट आहे हे त्यांना कळलं तर पाहिजे. ते सांगणं आपलं काम. आपण तर लाव्ह्यावरच राहतो! सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला बेसॉल्ट. तो साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळतो. गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलंच नाही, तर तो दगडाकडे बघणार कशाला?

पुढच्या प्रदर्शनात एक बदल करून बघा. सोडा-व्हिनेगरशेजारी सोडावॉटरची बाटली ठेवा, आणि उतरत्या फळीवर एकीकडे तेल, दुसरीकडे मध सोडा. कोणता लाव्हा पळतो, कोणता अडतो, मुलं स्वतः सांगतील.

ती मुलगी सध्या मधल्या सुट्टीत मैदानातले दगड गोळा करते. परवा वडील शाळेत आले आणि हळूच म्हणाले, "सर, ते नेट की काय, जरा लिहून द्या." मी लिहून दिलं.